खाऱ्या विहिरीवरची लिंबं

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं नोकरी करतोय. खत किती घाला, पाणी किती द्या, हे जगाला शिकवतो. पढतमूर्खपणात माझा हात धरणारा कोणी नाही.

थोरल्या ताईकडे लिंबाची ऐंशी झाडं होती. दाजींनी लावलेली. पहिलं फळ धरायच्या आतच दाजी गेले. त्या वर्षी विहिरीने तळ गाठला आणि ताईला एकच ध्यास लागला, बाग जगली पाहिजे.

मी पाणी धरून ठेवणाऱ्या दाण्यांची पिशवी नेऊन दिली. प्रयोगशाळेत चमचाभर दाणे पेल्यात टाकून पाहिले होते. तासाभरात पेला जेलीच्या गोळ्यांनी काठोकाठ भरला. “मुळांशी पुरून टाक, एकदा भरपूर पाणी दे आणि पंधरा दिवस तिकडे बघूसुद्धा नकोस,” मी रुबाबात सांगितलं. आठवडाभर खपून तिने सगळं तसंच केलं.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला. “अरे, पानं मिटायला लागलीत. बादली बादली घालू का?”

“धीर धर गं. मुळांशी पाणी आहे.”

“बरं. तू म्हणतोस तर नाही घालत.”

चौदाव्या दिवशी गेलो तर पानं हाताला कुरकुरत होती. मुळं उकरली. दाणे जेमतेम मोहरीएवढे. पेल्यात मी शुद्ध पाणी ओतलं होतं आणि ताईची विहीर खारट. खाऱ्या पाण्यात हे दाणे नीट फुगत नाहीत, हे मला पाठ होतं. त्या विहिरीच्या पाण्याच्या अहवालावर सहीसुद्धा माझीच. मला माझीच किळस आली.

ताईला सगळं सांगितलं. तिने मातीतला एक दाणा उचलून बोटांत फिरवला.

“सहाव्या दिवशी घातलं असतं तर?”

“निम्मी तरी वाचली असती.”

तेवढ्यात शेजारचे काका बांधावर आले. माझ्याच शब्दावर त्यांनीही तीच पिशवी मागवली होती. “काय गं, दाण्यांनी झालं का हे?”

“नाही हो काका,” ताई म्हणाली. “हा पाणी घाल म्हणून कानीकपाळी ओरडत होता. माझ्याच्यानेच झालं नाही.”

“नवऱ्याने पोरांसारखी वाढवली होती गं,” काका म्हणाले. “निदान पाणी तरी घालायचंस.”

ताईने मान खाली घातली. मी मूग गिळून उभा राहिलो.