मालनबाईंची पन्नासची लाइन

काचीगुड्यात टेकाळे केबलच्या ऑफिसात, पाण्याच्या जारामागे दिवसभर घरघरणारा काळा खोका दिसतो ना, तो मी. इथले लोक मला 'डबा' म्हणतात. म्हणू देत. या भागातल्या बाराशे घरांचं इंटरनेट माझ्यातून जातं आणि कुणाला किती वेग द्यायचा ते मी सांभाळतो. म्हणजे, पूर्वी सांभाळायचो. आता नुसती पापं करत बसलोय.

नवा होतो तेव्हा इथल्या कौस्तुभ टेक्निशियननं मला एकेका घराचं नाव आणि त्यापुढची मर्यादा भरवली. कुणाला तीस, कुणाला पन्नास, कुणाला शंभर. कुणी दुसऱ्याच्या वाट्याचं ओढायला लागलं की मी तिथंच अडवायचो. दोन वर्षं एक तक्रार नव्हती, खोटं वाटत असेल तर कौस्तुभला विचारा.

मग मालकांचा चांगुलपणा आडवा आला. आबासाहेब टेकाळे मूळचे परभणीकडचे, तीन पिढ्या हैदराबादेत. काउंटरवर कुणी मराठी बोललं की चहा आलाच. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, कुणाच्या तरी मेव्हण्यापाशी नातं जुळायचं. मग हाक यायची, "कौस्तुभ, अरे हे आपलेच निघाले! यांची मर्यादा काढून टाक."

झालं! कौस्तुभनं माझ्यात 'घरचे' नावाची यादी उघडली. आधी तीन नावं. मग लग्नाच्या हॉलचा मॅनेजर, बेगम बाजारातला मसालेवाला, त्याचा साडू. आज यादीत दोनशे सत्तर 'घरचे' आहेत. रविवारी सकाळी हे सगळे मिळून एवढं ओढतात की बाकीच्यांच्या हाती काहीच लागत नाही. अहो, वरून येणारी लाइन तेवढीच आहे, मी कुठून आणू?

तक्रारी यायला लागल्या, तेव्हा कौस्तुभनं भलतीच शक्कल काढली. वेग मोजायची साइट कुणी उघडली की तिला सगळ्यात आधी सोडायचं, असा हुकूम मला दिला. त्यामुळे घरात व्हिडिओ अडकून पडलेला असला तरी मोजणीत आकडा पूर्ण दिसतो. गिऱ्हाईक गप्प बसतं. मलाही गप्प बसावं लागतं, कारण मला तोंड नाही.

मालनबाई जामबागच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवायच्या. आबासाहेब त्यांचेच विद्यार्थी. निवृत्तीनंतर बाई दर रविवारी दहा वाजता कॉम्प्युटरवर वर्ग घ्यायला लागल्या. कोंडापूर, गच्चीबावलीकडची आयटीवाल्यांची मुलं, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. एकेकानं मोठ्यानं वाचायचं, बाईंनी ऐकायचं. आबासाहेब म्हणाले होते, "बाई, तुमचं नाव घरच्यांत टाकतो."

"नको रे," बाई म्हणाल्या. "जन्मभर पोरांना रांगेत उभं केलं. आता मीच मध्ये घुसू?"

अख्ख्या गिऱ्हाइकांत नको म्हणणारं एकच माणूस, आणि तिचंच आम्ही वाटोळं केलं!

वर्गात मुलांचे आवाज तुटायला लागले. बाईंनी कौस्तुभला बोलावलं. त्यानं त्यांच्याच घरी मोजून दाखवलं. परत येऊन फुशारकीनं सांगत होता, "पूर्ण पन्नास दाखवले! म्हटलं, आमच्याकडून क्लिअर आहे बाई, कॉम्प्युटर जुना झालाय तुमचा." बाईंनी कॉम्प्युटर बदलला. हेडफोन बदलला. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आल्या.

गेल्या सोमवारी त्या रिक्षानं ऑफिसात आल्या. पिशवीतून घरचं वायफायचं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. "लाइन बंद कर रे. वर्ग संपला."

"का बाई?" आबासाहेब खुर्चीतून उठलेच.

"अठरा मुलं होती, चार उरली. काल ऋजुता वाचत होती. दहा वर्षांची पोर, सगळ्यात मन लावून यायची. मधलेमधले शब्द गाळत होती. चारदा परत वाचायला लावलं, चारदा तेच. मी रागावले. म्हटलं, घाई करतेस, अभ्यास केला नाहीस. ती रडत उठून गेली. आज सकाळी तिच्या आईचा फोन आला, ती म्हणते मला मराठी येतच नाही, मी नाही वाचणार." बाईंनी खोक्याची वायर गुंडाळून ठेवली. "पोरगी वाचायला लागली होती रे. माझ्याच शिकवण्यात आता काही राहिलं नाही."

"लाइट घ्या बाई, मनावर नका घेऊ," कौस्तुभ म्हणाला. "आजकालच्या पोरांना कुठं पेशन्स असतो?"

"हौ ना," म्हणत आबासाहेबांनी बाईंच्या पायाला हात लावला, चहा मागवला. "आता आराम करा, बाई." खरंच डोळे भरून आले होते त्यांचे. ढोंगी नाहीत हो ते, त्याचाच तर जास्त संताप येतो! माझ्यापासून चार हातांवर उभे होते. यादी उघडून एकदा बघितली असती तरी कळलं असतं.

बाई गेल्या. कौस्तुभनं त्यांचं नाव माझ्यातून पुसलं.

तुम्ही कधी या ऑफिसात आलात, तर यादीचं राहू द्या, माझं तर मुळीच नको. फक्त कोंडापूरच्या त्या ऋजुताला कुणीतरी सांगा, की बाळा, तू एकही शब्द गाळला नव्हतास. त्या सकाळी तुझा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला होता. पुढे मीच जाऊ दिला नाही.