उजेडाचं औषध

भाड्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर दोन माणसांच्या उंचीचं पोस्टर. डावीकडे ‘आधी’: काळवंडलेला, खांदे पाडून जमिनीकडे बघणारा म्हातारा. उजवीकडे ‘नंतर’: तोच म्हातारा ताठ, हसरा, डोक्यामागे तेजाचं वलय. मधोमध पांढऱ्या कोटातले खुद्द डॉक्टरसाहेब. कसले डॉक्टर, हे कोणी विचारलं नव्हतं. कोट पांढरा होता ना, मग झालं!

“एकवीस दिवस माझं चूर्ण घ्या!” साहेब पोस्टरखाली उभे राहून गरजले. “रक्तातली साखर शेपूट घालून पळेल! दवाखान्यातल्या गोळ्या फेका. पुरावा? हा काय समोर!”

पहिल्या रांगेत माझी मावशी मान डोलावत होती. शिवणकाम करून तिनंच मला वाढवलं. याच साहेबांचं ऐकून दहा दिवसांपूर्वी तिनं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती.

“अगं, जखम तरी बघ!” मी म्हटलं.

“तू त्या माणसाचा चेहरा बघ. डोळ्यांना दिसतंय ते खोटं का?”

मी फोटो स्टुडिओ चालवते, त्यामुळे चेहरा नीटच बघितला. ‘आधी’च्या म्हाताऱ्याचा तीळ डाव्या गालावर, ‘नंतर’च्या उजव्या. चूर्ण इतकं जालीम, की तिळानंही घर बदललं! खरं तर ‘नंतर’चा फोटो उलटा छापला होता, म्हणजे म्हातारा उजवीकडे बघेल. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे उजवीकडे बघणारा माणूस पुढे निघालाय असं वाटतं.

वाद घालून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशीला स्टुडिओत बसवलं. दिवा हनुवटीखाली धरला, केस विस्कटले. “खाली बघ.” एक फोटो. मग एक दिवा समोर, एक डोक्यामागे. “आता हस.” दुसरा. मध्ये सात मिनिटं गेली असतील.

दोन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी धरले.

“यात पाय कुठंय?” तिनं हळूच विचारलं.

“त्या म्हाताऱ्याचं रक्त तरी कुठं दिसलं होतं?”

ती उठली. “चल, आधी त्या सभागृहात, मग दवाखान्यात.”

सभागृहात आजही साहेबांची सभा भरली होती. लंगडत मंचावर चढून तिनं फोटो उंच धरले. लोक हरखले. “किती दिवसांत?”

“सात मिनिटांत! मधे चूर्णाचा कणही न घेता. हिनं दिवा हलवला फक्त.”

“ताई, श्रद्धा नसली की...” साहेब चाचरले.

“आणि असली की तीळ गाल बदलतो होय?”

सगळ्यांनी पोस्टरकडे पाहिलं. कुणीतरी खुदकन हसलं, मग सभागृहच हसलं. साहेब मागच्या दारानं सटकले. तरीही एका गृहस्थांनी मला गाठलंच: “तो दिवा कुठं मिळतो हो?”

तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. मावशीचा अंगठा गेला, पाय वाचला. त्या दहा दिवसांची ती किंमत.

म्हणून सांगते, चित्र म्हणजे पुरावा नव्हे. ते कोणी काढलं, कशासाठी काढलं, चौकटीबाहेर काय ठेवलं, हे विचारा. आणि गोळी बंद करायचीच असेल तर रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून करा. पोस्टर बघून नको.