रुग्ण आधी, औषध नंतर

वॉर्डातला कॉम्प्युटर पुन्हा अडकला आणि एका आजोबांचं इंजेक्शन लांबलं. आजोबा सावरले, पण खापर फुटलं मुख्य नर्सबाईंच्या डोक्यावर. "बाई रुग्णाची नोंद उघडी टाकून निघून जातात, मग पुढचं सगळं अडतं," असं हॉस्पिटलच्या साहेबांनी चारचौघांत सुनावलं.

नर्सबाईंची भावजय त्याच हॉस्पिटलात सॉफ्टवेअर सांभाळायची. घरी नणंदेला घास गिळवेना.

"उभं आयुष्य गेलं या कामात, आणि तुझ्या त्या यंत्रानं मला हलगर्जी ठरवलं!"

"ताई, घोडं कुठे पेंड खातंय ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

सॉफ्टवेअरचा नियम साधा होता. एकजण नोंद बदलत असला की त्याचं काम होईपर्यंत तिला कुलूप, बाकीच्यांनी थांबायचं.

"ते कुलूपच काढून टाक," दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात साहेब म्हणाले.

"मग एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या हातून पुसलं जाईल, सर. दिलेलं इंजेक्शन कुणी परत देईल. ते मी होऊ देणार नाही."

"बरं, मग मोठा सर्व्हर घेऊ."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! पण हे ती मनातच म्हणाली आणि थेट वॉर्डात जाऊन नणंदेच्या शेजारी खुर्ची टाकून बसली.

नणंद प्रत्येक नोंद नेमानं बंद करत होती. तरी दुपारी कॉम्प्युटरचा पडदा अडकलाच. रुग्णाची नोंद उघडली होती, औषधाची उघडत नव्हती. भावजय तडक जिना उतरून औषधांच्या खोलीत गेली. तिथला पडदाही थिजलेला.

"हे नेहमीचंच," औषधवाले काका म्हणाले. "बंद करून चालू करतो झालं. तक्रार काय करायची?"

"काका, तुम्ही आधी काय उघडता?"

"औषध. साठा बघायचा, मग रुग्णाच्या नावावर टाकायचं."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं तिथूनच वॉर्डात फोन लावला. "ताई, तुम्ही रुग्ण धरून औषधाची वाट बघताय. काकांनी औषध धरलंय, ते रुग्णाची वाट बघतायत. हातातलं कुणीच सोडत नाही!"

"अगं बाई! म्हणजे दोन रुसलेल्या जावाच की. आधी ती बोलू दे, मग मी!"

भावजयेनं पदर खोचला. आता दोघांनीही आधी रुग्ण, मगच औषध उघडायचं. जो मागून येईल तो रिकाम्या हातानं दाराशीच थांबेल. कुणाची वाट अडवणार नाही. प्रोग्राममध्ये तसा बदल करून तिनं चाचणीसाठी एक खोटा रुग्ण तयार केला. वर नणंद, खाली काका, दोघांनी फोनवर "आता!" म्हणत एकदमच बटणं दाबली. पुन्हा दाबली. बोटं दुखेपर्यंत दाबली. दर वेळी एकजण क्षणभर थांबे, मग त्याचंही काम होई. पडदा काही अडकला नाही.

मग ती साहेबांपुढे उभी राहिली. "चूक प्रोग्रामची होती, सर. ताईंना बोललात ते चारचौघांत. हेही चारचौघांतच सांगा."

साहेबांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं.

बाहेर आल्यावर नणंदेनं भावजयेचा हात घट्ट धरला.

"बाळंतिणींच्या वॉर्डातही असंच अडतंय म्हणतात. चल, आत्ताच बघू."