निरोगी हातांचं पाणी

घटक राज्य झालं त्या वर्षी डिचोलीजवळच्या पाळी गावातल्या एका वाड्यावर बाबुरावाच्या अंगणात माणसं मावत नव्हती. काविळीचा रोगी पाटावर बसे. बाबुराव त्याच्या तळहातांना वाटीतला रस चोळी, वरून तांब्यातलं निवळ पाणी ओती, आणि खालच्या परातीत ते पाणी हळदीसारखं पिवळं होऊन पडे.

"पळयात, कावीळ कशी भायर सरता ती," तो म्हणे. "दोतोर सुयो मारता. पिवळें कोण काडून दाखयता?"

माणसं हात जोडत.

देवकी आपल्या जावेला, मनीषाला घेऊन आली होती. मनीषाचे डोळे पिवळेजर्द आणि पोटात सातवा महिना. सासूने पाठवलं म्हणून देवकी आली. स्वतःहून ती आता काहीच करत नसे. गेल्या वर्षी याच पाटावर तिचा नवरा सगुण बसला होता. पाणी पिवळं झालं आणि आठवड्यात तो गेला. बाबुरावाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, कावीळ मी काढली होती, हिने घरात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कढी केली, त्या वासाने ती परतली. देवकीने ते ऐकून घेतलं होतं. तेव्हापासून ती सगळंच ऐकून घेत असे.

मनीषाला दवाखान्यात न्या म्हणत सुलोचनाबाई मागोमाग आल्या होत्या. त्या हायस्कुलात शिकवत. संध्याकाळी बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायला शिकवत.

"काविळीच्या हातांचं पाणी पिवळं होतं, हे पाहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणून ते पिवळं काविळीचंच, हे त्यातून निघत नाही. निरोगी हातांचं पाणी कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. निरोगी माणूस इथे येईल कशाला?

"बाई, ही शाळा न्हय," बाबुराव हसला.

देवकी पाटावर जाऊन बसली.

"तुका खंय कावीळ?"

"ना. म्हणूनच."

तो वाटी उचलायच्या आत तिने रस तळहातांना चोळला. बाईंनी तांब्या ओतला. परातीत तेच पिवळं पाणी पडलं.

बाईंनी सांगितलं, वाटीत आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आहे आणि तांब्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पिवळं होतं, रोग असो वा नसो. मग इतकी माणसं बरी कशी झाली, असं मागून कुणीतरी विचारलं. बऱ्याच जणांची कावीळ आपोआप उतरते, बाई म्हणाल्या. ज्यांची उतरत नाही, ते इथे सांगायला परत येत नाहीत.

देवकी परातीकडे बघत होती.

"बाहेर काही आलंच नव्हतं," ती सावकाश म्हणाली, "तर परतलं काय?"

बाबुराव तांब्या विसळू लागला. देवकीने मनीषाला उठवलं. डिचोलीचा दवाखाना, एवढंच म्हणाली. लोकांनी वाट दिली.

मागे बाई सांगत होत्या, घरी स्वतःचे हात असेच धुऊन बघा, आणि पाणी कसंही दिसो, आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या. देवकीला ते ऐकू आलं. ती वळली नाही. मनीषाला भरभर चालवत नव्हतं, आणि बस गाठायची होती.