कार्डात ठेवलेले नव्वद हजार

कडकशेठला पडून राहिलेला पैसा बघवत नसे. कडकशेठ हे नाव लॉन्ड्रीच्या गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. कॉलरला तो अशी इस्त्री करून द्यायचा की घालणाऱ्याला मान वळवायच्या आधी विचार करावा लागे. घरात कुठूनही रक्कम आली की तो ती त्याच दिवशी क्रेडिट कार्डाच्या बाकीत भरायचा आणि लागेल तेव्हा कार्ड घासून परत वापरायचा. बँकेत ठेवलं तर चहापुरतं व्याज मिळतं, कार्डावर बाकी राहिली तर घरभाड्याएवढं व्याज जातं. मग शहाण्या माणसानं पैसे ठेवावेत कुठे? हे तो शर्ट-पँट मोजता मोजता गिऱ्हाइकांना विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता सुटे परत करायचा.

आकडेमोडीत चूक काढणं अवघड होतं. फक्त या तिजोरीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होती, आणि त्या दुसऱ्याला कडकशेठ कधी भेटलेला नव्हता.

त्याची थोरली बहीण आक्का दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. शाळांचे गणवेश शिवून शिवून तिनं डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नव्वद हजार बाजूला टाकले होते. मोतीबिंदूच होता, घाई नव्हती. महिनाअखेरीला करू असं ठरलं होतं. फोनवरचे व्यवहार तिला जमत नसत, म्हणून तिनं ते भावाच्या खात्यात ठेवले आणि बजावलं, "हात लावू नकोस हं."

त्यानं त्याच दिवशी ते कार्डात भरले.

"आक्कांचे आहेत ते," बायको म्हणाली होती. "राहू दे ना बँकेत."

"अगं, नुसते लोळत पडणार तिथे. कार्डात टाकले तर तेवढंच व्याज वाचतं. हॉस्पिटलात कार्ड चालतं. घासलं की झालं."

"तुला ना, कुणाचे पैसे स्वस्थ बसलेले बघवत नाहीत."

"तुझा भाऊ स्वस्थ बसलेला बघतोच की मी," तो म्हणाला, आणि विषय तिथे संपला.

पुढच्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, आक्का भिंतीला धरत धरत लॉन्ड्रीत आली.

"माझ्या डाव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर चढतंय."

"चष्मा पूस."

"चष्मा काढला तरी चढतंय, शहाण्या."

दुकान बायकोवर टाकून तो तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. डोळ्यांची डॉक्टर वयानं लहान होती, पण तपासताना ती बोलायची थांबली तेव्हा कडकशेठ खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"हा मोतीबिंदू नाही," ती म्हणाली. "डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागलाय. मधला भाग अजून जागेवर आहे, हे नशीब. तो सुटला की ऑपरेशन करूनही पूर्वीसारखं दिसत नाही. उद्या सकाळी करून टाकू."

"उद्याच?" आक्कानं विचारलं.

"आज जमलं असतं तर आजच केलं असतं."

खाली काउंटरवर पंच्याऐंशी हजार मागितले. आज भरा, उद्या पहिला नंबर तुमचा. कडकशेठनं ऐटीत कार्ड काढलं. कारकुनानं ते मशीनला लावलं, आकडा घातला. मशीन जरा विचारात पडलं आणि बारीक किंचाळलं.

"होत नाहीये."

"परत करा. रेंज नसेल."

परत केलं. मग कारकुनानं आपणहून चाळीस घालून बघितले. मग दहा. कडकशेठला कानामागून घामाचा ओघळ खाली उतरलेला कळला. आक्का मागे बाकावर डोळे मिटून बसली होती, आणि मशीनचा आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून तो काउंटरला छाती टेकून उभा राहिला.

"काय झालं रे?"

"त्यांचं मशीन बिघडलंय. मी येऊन भरतो नंतर."

कारकुनानं त्याच्याकडे बघितलं, मग मशीनकडे, आणि पुढच्या माणसाला हात केला.

जिन्याखाली जाऊन त्यानं फोनमधले मेसेज उपसले. सवलती, अभिनंदनं आणि कर्जाची आमंत्रणं यांच्या गर्दीत चार दिवसांपूर्वीचा एक मेसेज अंग चोरून बसला होता. आपल्या कार्डाचं लिमिट दोन लाखांवरून एक लाख करण्यात आलं आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.

त्यानं बोटांवर मांडून बघितलं. एक लाख नव्वद हजारांची बाकी होती. आक्काचे नव्वद भरल्यावर एक लाख उरली. दोन लाखांच्या लिमिटमधून पुन्हा एक लाख काढता यायला हवे होते. पण लिमिटच एक लाखावर आलं होतं. जेवढं देणं, तेवढंच लिमिट. आक्काचे पैसे आत गेले होते आणि त्यांच्यामागे दार लागलं होतं.

कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"सर, आपल्या प्रोफाइलचा आढावा घेतला गेला."

"कुणी घेतला?"

"सिस्टिमनं, सर."

"अहो, माझा एक हप्ता चुकलेला नाही आजवर!"

"हो सर. आम्हाला त्याचा अभिमान आहे."

"मग माझे नव्वद हजार परत द्या. ऑपरेशनचे आहेत. बहिणीचा डोळा जाईल."

मुलगी जराशी खालच्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही ते ठेवले नव्हते. तुम्ही कर्ज फेडलंत. फेडलेलं परत मिळत नाही." मग आवाज पुन्हा गोड झाला. "फेरविचारासाठी अर्ज करता येईल. सात कामाचे दिवस लागतात. आणखी काही मदत करू शकते का?"

दुकानाला लागून असलेल्या आपल्या घरी आल्यावर त्यानं आक्काला आतल्या खोलीत झोपवलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोकं एका कुशीवर, हालचाल नाही. मग बायकोला दुकानाच्या मागे, ओल्या चादरींच्या रांगेत नेऊन सांगितलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं हातातली चादर तारेवर टाकली, चारही कोपरे नीट केले आणि विचारलं, "आक्कांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगणारेस?"

"पैसे उभे झाले की."

"म्हणजे नाही."

मग फोन सुरू झाले. मेव्हण्यानं सहानुभूती दिली, ती त्याच्याकडे भरपूर होती. एका मित्राचं लिमिट याच आठवड्यात कापलं गेलं होतं. तो उलट यालाच मागायच्या बेतात होता. आणखी एकानं फोन उचलला नाही, पण लगेच झोपल्याचं चित्र पाठवलं, भर दुपारी. आणि दर थोड्या वेळानं आतून आक्काचा आवाज येत होता. घाबरलेली माणसं कधी कधी फार शांत बोलतात, तसा.

"आता नाकाच्या रेषेपर्यंत आलंय रे."

प्रत्येक वेळी कडकशेठ "हो, हो" म्हणायचा आणि फोनमधलं पुढचं नाव शोधायचा. नावं संपली तेव्हा बायकोनं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

समोरचा लॉन्ड्रीवाला कडकशेठच्या कपडे वाळवायच्या मोठ्या मशीनवर दोन वर्षं डोळा ठेवून होता. तो आला, मशीनभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत डोकं घातलं.

"काय कडकशेठ, एवढ्या घाईत? चोरीचं तर नाही ना?"

"बोल, किती देतोस?"

"साठ."

"दीड लाखाचं आहे!"

"दीड लाखाचं होतं तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्या शर्टाच्या घड्यांना नावं ठेवली होती."

आतून आक्कानं हाक मारली. समोरच्यानं आवाजाच्या दिशेनं बघितलं, कडकशेठच्या तोंडाकडे बघितलं, आणि पंच्याहत्तर म्हणाला. रोख मात्र उद्या बँक उघडल्यावर. त्याच्याहीकडे पैसा घरात नव्हता.

उरलेले दहा बायकोनं घातले. कुठून, ते त्यानं विचारलं नाही. विचारायचा हक्क त्या दिवशी त्याच्याकडे नव्हता.

मंगळवारी दुपारी तो नोटा घेऊन काउंटरवर पोचला. शेजारी आक्का बायकोच्या दंडाला धरून उभी होती. कारकुनानं नोटा मोजल्या, पावती फाडली आणि सहज बोलून गेला, "काल भरले असते तर आज सकाळी झालंच असतं की. आता उद्या."

आक्कानं मान वळवली. एका डोळ्यानं भावाला शोधायला तिला वेळ लागला.

"मशीन बिघडलं होतं ना?"

तो पावतीची घडी घालत राहिला.

"आणि हे रोख कुठून आले? माझे तर खात्यात होते."

"आक्का, मी ते... कार्डात ठेवले होते. व्याज वाचावं म्हणून. कंपनीनं लिमिट कापलं, मला काही न विचारता, मला कसं कळणार की..."

"कार्डात ठेवले होतेस?"

"हो. ठेवलेच होते."

"ठेवलेले काढता येतात," आक्का म्हणाली.

त्यानंतर ऑपरेशन होईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. बुधवारी दिवसभर तो ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून होता. खिशात फोन थरथरला की तो दचकायचा. एकदा कंपनीचा मेसेज होता: खास आपल्यासाठी, तात्काळ कर्ज. त्यानं फोन बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकला, तरी अधूनमधून आपला रिकामा खिसा थरथरतोय असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळा लाल, सुजलेला. डॉक्टरांनी हात वर केला.

"किती बोटं?"

आक्का बघत राहिली. कडकशेठ डॉक्टरांच्या मागे उभा होता आणि त्याचे ओठ आपोआप हलत होते. बायकोनं त्याच्या बाहीला हिसडा दिला.

"दोन," आक्का म्हणाली. "नाही, तीन. तिसरं धुरात आहे."

"तीनच आहेत," डॉक्टर म्हणाली. "पडदा बसलाय. पण मधला भाग थोडा सुटला होता, आत गेल्यावर कळलं. थोडं धूसर राहील. किती, ते दोन-तीन महिन्यांत कळेल."

कडकशेठच्या तोंडात एक प्रश्न सकाळपासून घोळत होता. तो विचारायचं त्याला धाडस झालं नाही. ते काम आक्कानं केलं, सरळ, बाजारात भाव विचारावा तसं.

"एक दिवस आधी झालं असतं तर?"

डॉक्टरनं आक्काकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे.

"खरं सांगू? सांगता येत नाही. कदाचित इतकंच झालं असतं. कदाचित नसतं."

"बरं," आक्का म्हणाली आणि पदर सावरून उठली.

जिन्यात त्यानं हात पुढे केला. आक्कानं कठडा धरला आणि दुसरा हात बायकोच्या खांद्यावर ठेवला. तो पिशवी घेऊन मागून उतरू लागला, प्रत्येक पायरीवर तिचं पाऊल नीट पडतंय का ते बघत. एका पायरीच्या काठावर ते अडखळलं, हवेत चाचपडलं, मग टेकलं. बायको थांबली. आक्का थांबली. पिशवी घट्ट धरून तोही थांबला, आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही.