बॉनेटच्या कडेवरचा रंग

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या सगळ्या गॅरेजला ठाऊक आहे. म्हणून पॉलिशचं मशीन हातात असताना माझ्याशी कुणी वाद घालत नाही. बाबांनी घातला.

बाबा शिंपी. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या आणि केस पिकल्यावर हौसेनं लाल गाडी घेतली. तीही कुणीतरी वापरून टाकलेली. आता तिचा रंग उन्हानं पार उडालाय, बोट फिरवलं तर भुकटी लागते. मागच्या आठवड्यात ती मागे घेताना बाबांनी थेट फूटपाथवर चढवली आणि भाजीवालीचे क्रेट मोडले. भाजीवाली बाजूला उभी होती म्हणून वाचली.

मी म्हटलं, "बस झालं आता. गाडी चालवणं बंद."

"पाय घसरला गं चुकून. तुझा कधी घसरत नाही का?"

किल्ली काही देईनात. वर मलाच कामाला लावलं. "जगाच्या गाड्या चमकवतेस, बापाच्या गाडीवरून एकदा हात फिरव की!" आईनं मागून खूण केली, जा, तेवढ्यात समजाव त्यांना. म्हणून सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन घरी गेले.

गाडी धुतली, पुसली, सगळ्या कडांना चिकटपट्टी लावली. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. पत्रा जिथे वळतो तिथे रंग पातळ असतो, मशीन लागलं की गेलाच. मग पेस्ट लावून मशीन फिरवायला घेतलं. वरचा मेलेला थर निघून फडकं गुलाबी व्हायला लागलं, तसे बाबा घाबरले.

"अगं, अगं, रंग जातोय!"

"मेलेला जातोय. खालचा बघा."

खालून असा काही लाल निघाला की बाबांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. गाडीभोवती फेऱ्या काय, आईला हाका काय! आणि मग म्हणाले, "आता हिला घेऊन तुझ्या आत्याकडे जाऊन येतो."

"आत्याकडे बसनं जायचं."

"का? मी काय लुळा झालोय?"

"भाजीवालीला विचारा."

झालं, तिथून जुंपली. मी मशीनच्या आवाजावर ओरडतेय, ते माझ्या आवाजावर. शेवटी ते म्हणाले, "लोकांच्या खटारा गाड्या नव्या करतेस आणि स्वतःच्या बापाला भंगारात काढतेस, शाब्बास!" डोक्यात तिडीक गेली माझ्या. तेवढ्यात बॉनेटच्या कडेची पट्टी सुटून फडफडायला लागली. थांबून दुसरी लावायची, एवढंच तर काम. पण मी ती ओढून काढली, भिरकावली आणि मशीन तसंच दाबत राहिले. मग ते आपटून ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले.

बाहेर आले तर बाबा हातात फडकं घेऊन उभे. मी आत गेल्यावर बॉनेटवर वाळलेली पेस्ट ते पुसायला लागले होते. पुसता पुसता कडेवर लाल संपून खालचा करडा प्रायमर उघडा पडला होता, चांगला बोटभर.

"मी जोरात घासलं गं," ते म्हणाले. "एवढी छान केली होतीस तू. घालवली मी."

नुसत्या फडक्यानं असा रंग जन्मात जात नाही. तो मशीननं गेला होता, माझ्या हातून, आणि वाळलेल्या पेस्टखाली झाकला गेला होता. हे मला बघताक्षणी कळलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"तुझं बरोबर आहे. हातापायांवर ताबा नाही राहिला माझा."

मी मूग गिळून गप्प बसले. किल्ली घेतली. खरं सांगायचं तर तेव्हा मला हायसंच वाटलं. आई तर खूश झाली, म्हणाली, "कसं गं जमवलंस?"

चार दिवसांनी तिचाच फोन आला. शेजारच्या काकू पडदे आखूड करून घ्यायला आल्या होत्या, तर बाबांनी परत पाठवलं. शिलाई मशीनवर चादर टाकलीय. "कात्री धरायला घाबरतात गं. काल शर्टाचं बटण तुटलं, तर मला म्हणाले, तू लाव." या माणसानं अजून सुईत दोरा ओवायला चष्मा लावलेला नाही. मला गाडी बंद करायची होती, त्यांचे हात नाही. कसली नालायक पोरगी मी!

कामावरून तशीच घरी गेले. बाबा खिडकीशी बसले होते, हात मांडीत घेऊन.

"बाबा, तो रंग मी घालवला. पट्टी सुटली होती, मी रागात होते, तसंच मशीन चालवलं. तुमचा काही संबंध नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले, अगदी मायेनं. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"माझं मन राखायला कशाला खोटं बोलतेस? तुझा हात असा चुकतो होय? इतकी वर्षं काम करतेस."

"आईशप्पथ, बाबा!"

"असू दे. मला वाईट नाही वाटलं."

मी त्यांना दंडाला धरून अंगणात नेलं. गाडीच्या दुसऱ्या कडेवर पेस्ट लावली, फडकं घेतलं आणि खांदा भरून येईपर्यंत घासलं. पुसून दाखवलं. लाल होतं तसंच होतं.

"बघा! जातोय का हातानं? बघा ना!"

बाबांनी वाकून नीट बघितलं. मान डोलावली.

"हलका आहे तुझा हात. शिकलेला हात आहे."

"मग तुम्ही घासा. हवं तेवढं घासा." मी फडकं त्यांच्यापुढे धरलं. मला रडू आवरेना.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको गं," ते म्हणाले. "आणखी काहीतरी बिघडेल माझ्या हातून."