नुपूरचं दही

सुचित्राची नुपूर आठ वर्षांची होईतो दह्याला शिवली नव्हती. दूध, डाळ, अंडं, सगळंच बंद. प्रथिनातला एक घटक तिच्या शरीराला जिरवताच येत नसे. तो रक्तात साठे आणि मेंदू पोखरत जाई. आता अशा पोरीची आई जंतूंची शास्त्रज्ञ, तिनं स्वस्थ बसावं कसं? आखातातल्या अल रय्यानच्या प्रयोगशाळेत तिनं दह्याच्या जंतूंत एक जादा जनुक घातलं, त्यांचं एन्झाइम चांगलं तेज केलं, आणि दही लागता लागताच तो मेला घटक फस्त व्हायला लागला.

वाटीभर घरी आणलं. नियमात बसत नव्हतंच, पण नियम करणाऱ्यांची पोरं मनसोक्त दही खात होती ना! नुपूरनं बोटं चाटली. रक्त तपासलं, ठणठणीत. सुचित्राचा नवरा विजय दुखानच्या तेलविहिरींवरून आला की आधी फ्रिज उघडून ती वाटी बघायचा. त्या घरात इतकं हसू कधी नव्हतं.

पुढे वरिष्ठांनी प्रकल्प गुंडाळला. फ्रीझर रिकामा करताना तिची मदतनीस, रत्नागिरीची जैतून, हळूच म्हणाली, "सुचित्राताई, जंतूंची एक बाटली ठेवू का बाजूला?"

"कशाला गं? घरी विरजण आहे की. रोज लावते."

काय म्हणावं या बाईला! प्रयोगशाळेत दर वेळी गोठवलेल्या बाटलीतूनच नवे जंतू काढायची, एकदाही चुकली नाही. स्वयंपाकघरात शिरली आणि आईची लेक झाली, कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. दही रोज तस्संच घट्ट, गोड लागायचं. पण जंतूंना ते जादा जनुक म्हणजे फुकटची हमाली. ज्यांनी ते टाकून दिलं ते भराभर वाढले, बाकीचे मागे पडले. वाटीत उरलं साधं दही, आणि नुपूरला ते विष. आधीचे रिपोर्ट चांगले आले म्हणून सुचित्रानं पुढची तपासणीही लांबवली होती.

मुलगी वर्गात भलतीकडेच बघत बसते, असा शाळेतून फोन आला तेव्हा सुचित्रानं तिचं रक्त तपासून घेतलं. त्या घटकाचा आकडा कितीतरी चढला होता. झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तिनं जैतूनला फोन लावला. "एखादी बाटली राहिली असेल गं, बघ ना!"

"तुम्हीच नको म्हणालात, ताई. सगळं वाफेत घालून मारलं. खलास." जैतून रडायलाच लागली.

सुचित्रानं दही सिंकमध्ये ओतलं. नुपूर दारात उभी होती. शाळेतल्या तक्रारीचीच ही शिक्षा, असं तिला वाटलं.

"आई, आय विल डू माय सम्स. प्रॉमिस. मग दही देशील?"

ती वही घेऊन तिथंच फरशीवर बसली. बावन्नातून सतरा वजा. गेल्या वर्षी असली गणितं ती गुणगुणत सोडवायची. आता पेन्सिल चावत आकड्यांकडे बघत राहिली, मग आईकडे, मग परत आकड्यांकडे. सुचित्राला उत्तर सांगून टाकावंसं वाटलं.

"आई," नुपूरनं विचारलं, "विच वन इज बिगर?"